नाव राखलेले गाणे

मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरगावातल्या बैठकींपासून सुरुवात करतात आणि फार तर लालबाग-परळच्या शाहिरीपर्यंत येऊन थांबतात. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमधल्या गायन पार्ट्या त्यांच्या वाटेत येत नाहीत. गेली काही वर्षे मी या पार्ट्यांचा माग काढतो आहे. तालमीला जागा नाही, गाठीला पैसा नाही, कंपनीचा आधार नाही. तरी त्या टिकल्या कशा, एवढाच माझा प्रश्न.

या परंपरेचे मूळ सत्यशोधक जलशांत आहे. 1930 नंतरच्या काळात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यांच्या प्रभावातून पुढे आलेल्या वामनदादा कर्डकांनी 1943 पासून गीते लिहायला घेतली. दुसरा प्रवाह डाव्या चळवळीचा. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊ राहत घाटकोपरच्या चिरागनगरात. त्या वस्तीचे नाव त्यांच्या ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाने कायमचे कोरले. निळा आणि लाल, असे दोन्ही प्रवाह या उपनगरांत शेजारी-शेजारी नांदले, कधी एकमेकांत मिसळलेही.

पार्ट्यांच्या परस्पर आधाराची खूण मला गाण्यातच सापडली. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या गीतांत ‘वामन’ येतो तसे. गाणे कुणीही उचलावे, चाल आपल्या गळ्याला बेतून घ्यावी, पण नाव गाळू नये, हा अलिखित करार. म्हणून छापील पुस्तक हाती न लागताही एकाचे गीत दहा मंडळांच्या वह्यांत उतरले आणि तरी ते त्याचेच राहिले.

दुसरी खूण सामन्यात. जयंतीच्या मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसवायच्या आणि रात्रभर सवाल-जवाब रंगवायचे. स्टेजवर इरेला पेटणारे हे गायक एकमेकांचे गिऱ्हाईकही जोडून देत, हे मी जुन्या मंडळींकडून वारंवार ऐकले. एकीचा ढोलकीवाला आजारी पडला तर दुसरीने आपला द्यायचा. सुपारीची रक्कम जेमतेम, ती कोरससकट सर्वांत वाटायची. उद्या ही वेळ आपल्यावर येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

या आधाराला मर्यादाही होती. मुलुंडच्या झोपडीत राहणारे विलास घोगरे हे आव्हान नाट्य मंचाचे शाहीर. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटातून त्यांचा आवाज देशभर पोचला. पुढे संघटनेशी त्यांचे नाते तुटले. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि 10 जण मारले गेले. चार दिवसांनी, 15 जुलैला, घोगरे यांनी आपल्या घरात जीवन संपवले. त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये पुरा झाला. संभाजी भगतांसारख्या सोबत्यांनी शाहिरी पुढे चालू ठेवली.

घोगरे यांच्या मृत्यूचे एकच कारण सांगणे अन्यायाचे ठरेल. पण एक गोष्ट मला दिसते. गाणे सर्वांचे झाले, तरी शाहिराची चूल त्याची एकट्याचीच राहिली. ढोलकी उसनी मिळे, कोरस मिळे. आजारपणात, बेकारीत हात देणारी कायमची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. ज्यांच्याकडेच काही नव्हते, त्यांनी ती उभारायची तरी कशातून?

आज मोबाइलवर भीमगीते वाजतात. पुष्कळदा शेवटचे कडवे कापलेले असते आणि त्याबरोबर कवीही जातो. आणि ढोलकीवाले, पेटीवाले, कोरसमध्ये उभे राहणारे? त्यांची नावे तर कडव्यातही कधी नव्हती. ती वह्यांच्या कोपऱ्यांत, सुपारीच्या हिशेबाशेजारी लिहिलेली आहेत. वह्या रद्दीत जाण्याआधी उतरवून घ्यायला हवीत.