हिमप्रदेशातील चाके
फिनलंडमध्ये, जेथे रस्ते कित्येक महिने हिमाच्छादित असतात, १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर निर्माण झाला, आणि दोनच वर्षांनी खाजगी मोटारींकरिता ‘हाक्कापेलीत्ता’ अवतरला. ऋतुपरत्वे चाके बदलण्याचा खटाटोप मात्र अमेरिकी गिऱ्हाइकास जाचक वाटे. त्याच्या या आळसाची (सोय म्हणणे अधिक सभ्य) दखल घेऊन गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा बारमाही टायर विक्रीस आणला. परंतु कडाक्याच्या थंडीत बारमाही टायरचे रबर ताठर होऊन त्याची पकड ढिली पडते, तर हिवाळी टायरचे मृदूच राहते, हा पदार्थधर्म सोयीपुढे नमत नाही. म्हणूनच कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायरांची सक्ती अमलात आणली, आणि २०१९ पासून तिची मुदत १५ ऐवजी १ डिसेंबरलाच सुरू केली.