जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प : मिशनच्या वैद्यकीय परंपरेतील एक स्थित्यंतर

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. या जिल्ह्यातील मिशन कार्याचा विचार प्रामुख्याने शिक्षण, साहित्य व धर्मांतर या अंगांनी होतो. वैद्यकीय कार्याचा उल्लेख 'सेवा' या एका शब्दात आटोपला जातो. या सेवेचे स्वरूप दीर्घकाळ एकच होते. रुग्णालय बांधावे, तेथे रुग्ण यावा, बरा होऊन परतावा. तो ज्या गावात परततो त्या गावाचे काय, हा प्रश्न रुग्णालयाच्या कक्षेबाहेर राहत असे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांना हा प्रश्न वडाळा येथील मिशन रुग्णालयात भेडसावला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिक्षण घेतलेले हे दांपत्य १९६० च्या दशकात तेथे कार्यरत होते. बरे करून पाठविलेले बालक त्याच अतिसाराने, त्याच कुपोषणाने पुन्हा दाखल होई. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन उभयतांनी १९७० मध्ये जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात काम आरंभिले. प्रारंभीचा दवाखाना जनावरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होता.

आरंभालाच दुष्काळाने गाठले. १९७२ च्या भीषण अवर्षणात लोकांची मागणी औषधाची नव्हती. अन्नाची व पाण्याची होती. या मागणीपुढे वैद्यकाने नमते घेतले, हे जामखेडचे पहिले वेगळेपण म्हणावे लागेल. बालकांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, कूपनलिका खोदल्या गेल्या, शेतकरी मंडळे व पुढे महिला मंडळे उभी राहिली. कूपनलिकांसाठी अनेक गावांत दलित वस्तीतील जागा निवडण्यात आली. ही निवड हेतुपुरस्सर होती. ज्या वस्तीचा स्पर्श वर्ज्य होता तेथेच सवर्णांना पाण्यासाठी जावे लागले. अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्याने देऊन जे क्वचितच साधते, ते येथे हातपंपाच्या जागेने काही अंशी साधले. पटकी व अतिसार यांना आळा घालणारे शुद्ध पाणी हा वैद्यकीय उपाय होता. तोच सामाजिकही ठरला.

दुसरा बदल अपयशातून घडला. प्रशिक्षित परिचारिकांनी गावात राहून काम करावे, अशी मूळ योजना होती. परंतु बाहेरून आलेल्या तरुण परिचारिका एकट्याने खेड्यात राहण्यास धजावत नसत, आणि त्यांचे सांगणे गावही मनावर घेत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता वा विधवा होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत. गर्भवतीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, बालकांचे वजन, मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाच्या चट्ट्यांची ओळख हे सारे त्या शिकल्या. एका पंक्तीत जेवणे हे या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण प्रकरण होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्या काळी जातीची बंधने या स्त्रियांच्याही मनात तितकीच घट्ट होती.

आरोळे दांपत्य आपली ख्रिस्ती श्रद्धा लपवीत नसे. मात्र प्रकल्पाच्या लाभासाठी कोणत्याही धर्माची अट नव्हती. मिशन कार्याकडे पाहणाऱ्या संशयी दृष्टीला आणि भाबड्या गौरवालाही ही बाब काहीशी अडचणीची ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांवरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्यापूर्वीची ही घटना आहे. १९७९ मध्ये उभयतांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात विसाच्या आसपास आला. या आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहावयास हवे, कारण याच काळात राज्यातील बालमृत्यूही घटत होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात शेजारच्या गावांच्या मानाने प्रकल्पातील गावांत एक महिना ते पाच वर्षे वयातील मृत्यूंचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. नवजात अर्भकांच्या बाबतीत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. यशाची ही मर्यादित मोजणीच अधिक विश्वसनीय वाटते.

डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' कार्यकर्तीची योजना आणली. गावातील स्त्री, गावानेच निवडलेली, हा तिचा गाभा जामखेडशी मिळताजुळता आहे. परंतु कामागणिक मोबदला व सरकारी नोंदवह्या यांभोवती तिची रचना झाली, आणि निवडीसाठी सामान्यतः आठवी इयत्तेपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवण्यात आली. जामखेडच्या पहिल्या पिढीतील बहुतेक आरोग्य कार्यकर्त्या या अपेक्षेत बसल्या नसत्या.