मोडी दप्तरांतील संक्षेप

माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर हें गांव साखर कारखान्याच्या भोंवतीं वाढलें. परंतु त्याच्या आसपासचीं अकलूज, महाळुंग, पंढरपूर हीं गांवें फार जुनीं आहेत. पेशवाईंत अशा एखाद्या गांवासंबंधीं कागद लिहितांना कारकून 'मौजे' हा शब्द पुरा लिहीत बसत नसे. 'मौ॥' एवढें लिहिलें, कीं काम झालें. मुक्कामास 'मु॥', पैकीस 'पै॥', राजश्रीस 'रा॥', बितपशीलास 'बि॥' अशीं हीं रूपें दप्तरांत रूढ होतीं. मोडी मुळांतच हात न उचलतां धांवती लिहिण्याची लिपि; तींत नित्याचे शब्द आंखडून घेतल्यानें वेळ, शाई व कागद या तिहींची बचत होई.

परंतु संक्षेप ही एक प्रकारची कुलुपबंद पेटी होय. तिची किल्ली कोठें ठेवावयाची? पत्रलेखनाचे मायने व रीति सांगणारीं 'मेस्तकें' होतीं. त्यांतील एक यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर मोडतें. तरी किल्लीचा मोठा भाग कारकुनाच्या स्मरणांतच राही, आणि उमेदवार जुन्या कारकुनाशेजारीं बसून ती उचली. 'ता॥' म्हणजे तालुका कीं 'तागाईत', म्हणजे अमुक दिवसापर्यंत, हें त्यास संदर्भावरूनच उमगे.

किल्ली हरवल्यास काय होतें, याचें उत्तम उदाहरण सुहूर सनांत आढळतें. हा सन अरबी संख्याशब्दांनीं लिहीत. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर व हजार, अर्थात् ११७७. त्यांत ५९९ मिळविले, कीं इसवी सन १७७६-७७ येतें. पण सवयीचें म्हणून कारकून शतक व सहस्र गाळून नुसतें 'सबा सबैन' लिही. तेव्हां तेंच वर्ष १०७७, म्हणजे १६७६-७७ हेंही असूं शकतें. एका बाजूस शिवछत्रपति, दुसऱ्या बाजूस सवाई माधवराव! इनामाची सनद पहिल्या काळची कीं दुसऱ्या, यावर एका घराण्याचा हक्क अवलंबून असेल, तर दोन गाळलेल्या शब्दांची किंमत केवढी!

पेशवाई १८१८ सालीं संपली. पुढें मोडी वाचणारे विरळ होत गेले. तेव्हां विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड छापले, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. कागदांतील माणसें, अक्षराचें वळण व चंद्रतिथीची 'छ' ही खूण ताडून अभ्यासकांस जुने संक्षेप पुन्हां उलगडावे लागले.

आजच्या संगणकावरहि हाच प्रश्न उभा राहतो. १९७६ पासून चालत आलेल्या 'ईमॅक्स' या लेखनसाधनांत दोन अक्षरें टंकिलीं, कीं ठरविलेला पूर्ण शब्द आपोआप उमटविण्याची सोय आहे. ते संक्षेप फाइलींत जतन केले, तरच पुढच्या बैठकींत परत घेतां येतात. एरवीं यंत्राची स्मृति साधन बंद होतांच पुसली जाते. दप्तरांतील कारकुनाची स्मृतिहि अशीच त्याच्याबरोबर गेली. यास्तव संक्षेप करणारानें त्याची यादीहि शेजारीं ठेवावी, हाच या जुन्या रुमालांचा धडा होय.