बोरीबंदर ते प्रभादेवी

आमच्या आजीने ‘व्हीटी’ हा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नाही. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं बोरीबंदरच तिने शेवटपर्यंत चालवलं. तिचं चूक नव्हतं. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून. राणी व्हिक्टोरियाचं नाव तिथे आलं त्यानंतर तीसेक वर्षांनी. १९९६मध्ये तेही गेलं आणि छत्रपतींचं आलं.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांचं स्टेशन एल्फिन्स्टन रोड. चाळीच्या तोंडी ‘एल्फिस्टन’. हा कोण, ते कुणाला ठाऊक नसे. शिकलेले लोक कॉलेजवाल्या माउंटस्टुअर्टचं नाव घेत, पण तो चुलता. स्टेशन पुतण्याच्या, म्हणजे १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉनच्या नावाचं. पौषातल्या जत्रेला मात्र अख्खी चाळ प्रभादेवीला लोटायची. म्हणून जुलै २०१८मध्ये स्टेशनावर देवीचं नाव लागलं तेव्हा मी मनापासून सुखावलो. तरी एक सल आहे. आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, त्या स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ती एल्फिन्स्टनला गेली, हे विसरून चालणार नाही.

आजोबा फारसं बोलत नसत, पण २१ नोव्हेंबर १९५५चा विषय निघाला की विडी विझवून सरळ बसत. त्या दिवशी गिरण्या बंद होत्या, मोर्चा फ्लोरा फाउंटनला पोचला आणि गोळीबार झाला. “बाजूचा पोरगा पळता पळता खाली बसला, तो उठलाच नाही,” एवढं सांगून ते गप्प होत. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, तेव्हा कुठे त्या जागेचा हुतात्मा चौक झाला. हे नाव कुणा मंत्र्याने बसल्या जागी सुचवलेलं नाही. आजही मराठी माणूस टॅक्सीवाल्याला ‘फाउंटन’ सांगतो, तेव्हा मला वाईट वाटतं.

करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी करायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४मध्ये मंजुरी दिली. ही तर तिथल्या वस्त्यांचीच नावं; ती लवकर लागावीत. पण जुनी पाटी उतरवताना ते नाव कुणाचं होतं, कधी बदललं, एवढं तरी स्टेशनावर लिहून ठेवा.