क्राउडफंडिंग : तरुण डिझायनरांच्या छोट्या उत्पादनाला लोकांचे भांडवल

एखादी वस्तू तयार होण्याआधीच ती हवी असणाऱ्या अनेकांकडून थोडे थोडे पैसे घेणे आणि त्यातून ती बनवणे, याला रिवॉर्ड क्राउडफंडिंग म्हणतात. पैसे देणाऱ्याला व्यवसायात हिस्सा मिळत नाही आणि व्याजही मिळत नाही. त्याला ठरलेल्या तारखेला वस्तू मिळते. मराठीत 'वर्गणी' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. जयंतीची वर्गणी दिली की विषय संपतो, पण नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक घरी आलाच पाहिजे. क्राउडफंडिंग ही दुसऱ्या प्रकारची वर्गणी आहे. आपली काही मुले ती पहिल्या प्रकारची समजतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, असे आम्हाला कामात वारंवार दिसते.

आपल्या चळवळीला हा व्यवहार नवा नाही. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली होती. 3 एप्रिल 1927 ला सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' मात्र 1929 मध्ये पैशाअभावी थांबले. सुरुवातीची मदत एकदाच मिळते, पुढचा गाडा वर्गणीदारांवर चालतो.

आजच्या पद्धतीचे चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. टॉम गेरहार्ट आणि डॅन प्रोव्होस्ट या दोन डिझायनरांनी 2010 मध्ये आयफोन ट्रायपॉडवर बसवण्याचा 'ग्लिफ' नावाचा छोटा तुकडा आखला. त्यांना 10,000 डॉलर हवे होते. किकस्टार्टरवर 5,000 हून अधिक लोकांनी मिळून 1,37,000 डॉलरपेक्षा जास्त दिले. वस्तू लहान होती, तिचा उपयोग एका वाक्यात सांगता येत होता आणि नमुना थ्रीडी प्रिंट करून आधीच हातात होता. उलट उदाहरण 'पेबल' घड्याळाचे. 2012 मध्ये त्याला एक कोटी डॉलरहून अधिक मिळाले, पण सप्टेंबरमध्ये द्यायचे घड्याळ पुढच्या जानेवारीपासून पोहोचू लागले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मोलिक यांनी 2015 मध्ये केलेल्या पाहणीत किकस्टार्टरवरील सुमारे 9 टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असे आढळले.

किकस्टार्टरचा नियम 'सगळे किंवा काहीच नाही' असा आहे. ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाच्याही खात्यातून पैसे जात नाहीत. जमली तर संस्था 5 टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. भारतात राहून तिथे मोहीम लावता येत नाही. केट्टो, मिलाप यांवर मुख्यतः उपचार, शिक्षण, आपत्ती यांसाठी मदत मागितली जाते. त्यामुळे आपल्याकडचे बरेच तरुण सरळ गुगल फॉर्म आणि यूपीआयवर आगाऊ ऑर्डर घेतात. यात वाईट काही नाही. पण इथे 'सगळे किंवा काहीच नाही' हा नियम आपणच पाळायचा असतो : अमुक तारखेपर्यंत इतक्या ऑर्डर आल्या नाहीत तर सर्वांचे पैसे परत, हे पहिल्या दिवशीच लिहून द्यावे. पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, घरखर्चाच्या खात्यात नकोत.

आता हिशेब. समजा, 300 वह्यांची ऑर्डर आहे आणि किंमत 300 रुपये. छपाई-बांधणी 150, पाकीट 12, कुरिअर 60, पैसे स्वीकारण्याचा खर्च 7. एका वहीमागे 71 रुपये उरतात, म्हणजे एकूण 21,300. खराब निघतील म्हणून 15 वह्या जादा छापल्या की त्यातून 2,250 गेले. उरलेले 19,050 दोन जणांच्या तीन महिन्यांच्या कामाचे, म्हणजे महिन्याला प्रत्येकी 3,175 रुपये. किंमत ठरवताना कुरिअर धरायचे राहिले तर 18,000 कमी येतात आणि हातात 1,050 राहतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक हिशेबांत कुरिअर नसते आणि स्वतःची मजुरी तर कधीच नसते. समाजाचे काम म्हणून फुकट राबायला कोणाची हरकत नाही, पण मग त्याला व्यवसाय म्हणू नये.

कायद्याच्या बाबी थोडक्यात. वस्तूचा आकार किंवा नक्षी नवी असेल तर डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणीचा अर्ज मोहिमेआधी करावा, कारण चित्र एकदा लोकांसमोर आले की ते 'नवे' राहत नाही. संरक्षण 10 वर्षांचे आहे आणि 5 वर्षांनी वाढते. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत 2016 अखेर संपली, पण कोणी अलीकडे केलेला अनुवाद किंवा काढलेले चित्र विचारल्याशिवाय वापरता येत नाही. टी-शर्टवाल्यांनी हे दोनदा वाचावे. इंटरनेटवर सर्वसामान्यांकडून हिश्शाच्या बदल्यात पैसे गोळा करणे टाळावे. सेबीने 2016 मध्ये अशा मंचांबद्दल सावध केले होते. परदेशातील बांधवांकडून वस्तूची किंमत घेतली तर ती विक्री, तिचे बिल द्यावे. देणगी घेतली तर परकीय योगदान कायद्याचा प्रश्न येऊ शकतो. दुसऱ्या राज्यात माल पाठवताना जीएसटी नोंदणी 40 लाखांच्या मर्यादेआधीच लागू शकते, तेव्हा सल्लागाराला विचारावे. उद्यम नोंदणी मोफत आहे. कमी पडणारी रक्कम मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटातून, 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय मागता येते.

मोहिमेत पहिले पैसे नेहमी ओळखीचे लोक देतात. ज्यांच्या घरात कमावणारी पहिलीच पिढी आहे, त्यांचे ओळखीचे लोकही तितकेच ओढगस्तीत असतात. याची भरपाई विहार, महिला मंडळे आणि माजी विद्यार्थ्यांचे गट करू शकतात, मात्र तिथे देणारा आपल्या पोटाला चिमटा काढून देतो. एका गटाची दिनदर्शिका फेब्रुवारीत पोहोचली. पुढच्या वर्षी त्याच वस्तीत दुसऱ्या मुलांनाही कोणी आगाऊ पैसे दिले नाहीत. चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला वस्तू हातात हवी असेल तर ऑर्डर ऑगस्टमध्ये बंद करावी आणि छापखान्याला नमुना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा. दीक्षाभूमीसाठी हे सगळे दोन महिने अलीकडे.