जंतरमंतर आणि काळोखाचे जतन

दिल्लीचे जंतरमंतर ही सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास उभारलेली वेधशाळा होय. पितळेच्या लहान यंत्रांचे आस झिजतात व वेध चुकतात, असा त्याचा अनुभव होता. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. येथील सम्राटयंत्र सुमारे ७० फूट उंच आहे. दिवसा त्याची छाया वेळ दाखवी. रात्री त्याच भिंतींच्या कडेवरून ताऱ्यांचे वेध घेतले जात.

जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित होता. मराठ्यांच्या फौजा माळव्यात उतरत होत्या त्याच काळात, अरबी भाषा आत्मसात करून त्याने युक्लिडची भूमिती व टॉलेमीचे ज्योतिष संस्कृतात आणले. पोर्तुगालहून आणविलेल्या कोष्टकांतही चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकते, असे जयसिंहाच्या ग्रंथाने नमूद केले आहे.

जयसिंहाने दगडाचा भरवसा धरला, आणि दगड टिकलाही. काळोख मात्र टिकला नाही. भोवतालच्या उंच इमारतींनी क्षितिज झाकले आणि दिव्यांच्या उजेडात मंद तारे लोपले. काळोखही राखावा लागतो, हे आता उमगू लागले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविण्यात आली. जगन्नाथ पंडिताने जे आकाश दिल्लीत न्याहाळले, ते पाहण्यासाठी आज अरण्याची वाट धरावी लागते.