स्पिट्सबर्गेनचा तह व नॉर्वेचें परराष्ट्रधोरण

नॉर्वे १९०५ सालीं स्वीडनपासून विभक्त झाला, १९४० सालीं जर्मनीनें स्वारी करीपर्यंत तटस्थ राहिला, व १९४९ सालीं उत्तर अटलांटिक करारांत सामील झाला. यावरून त्याचें धोरण एकाएकीं उलटलें असें सामान्यतः समजतात. परंतु ध्रुवानजीकच्या एका द्वीपसमूहाचा इतिहास पाहतां या धोरणांत निराळेंच सातत्य दिसतें, असें आमचें मत आहे.

स्पिट्सबर्गेन, म्हणजे आजचा स्वालबार्ड, १५९६ सालीं डच दर्यावर्दी बारेंट्स यास दिसला. पुढें तीन शतकें तेथें शिकारी येत-जात. धनी मात्र कोणीच नव्हता. कोळशाच्या खाणी सुरू झाल्यावर स्वामित्वाचा प्रश्न उपस्थित झाला. नॉर्वे, स्वीडन व रशिया यांनीं संयुक्त कारभार करावा ही योजना पहिल्या महायुद्धानें मोडली, आणि ता. ९ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिस येथें झालेल्या तहानें सार्वभौमत्व एकट्या नॉर्वेस मिळालें.

हें स्वामित्व अटींनीं जखडलेलें होतें. तहांतील सर्व राष्ट्रांच्या प्रजाजनांस मासेमारी, शिकार व खाणी यांत समान हक्क; कर तेथील कारभारापुरताच; आरमारी तळ व तटबंदी यांस मनाई. या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेंही लॉर्ड डर्बी यांची सही आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

नोव्हेंबर १९४४ मध्यें या अटींची कसोटी लागली. सोव्हिएट फौजा उत्तर नॉर्वेंत उतरल्या असतां, मोलोटोव्ह यांनीं नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री ट्रिग्वे ली यांजकडे हा तह रद्द करून स्वालबार्डवर संयुक्त अंमल ठेवण्याची व बेअर बेट देण्याची मागणी केली. नॉर्वे कांहीं काळ डगमगला. परंतु इतर राष्ट्रांच्या संमतीवांचून तह बदलतां येत नाहीं, ही भूमिका त्यास घेतां आली, व १९४७ सालीं त्याच्या पार्लमेंटानें लष्करी वाटाघाटी नाकारल्या. जें ओझें होतें तेंच ढाल झालें. १९४९ सालींही आपणांवर हल्ला वा त्याची धमकी नसतां परकीय तळ देणार नाहीं, असें वचन नॉर्वेनें रशियास दिलें. कराराचा आश्रय व स्वतःवर मर्यादा, हेंच तें सातत्य होय.

आतां मात्र कसोटी उलट दिशेनें आहे. १९७७ सालीं नॉर्वेनें द्वीपांभोंवतीं २०० सागरी मैलांचें मत्स्यसंरक्षणक्षेत्र ठरविलें. तहाचे समान हक्क प्रादेशिक समुद्रापलीकडे जात नाहींत, असें त्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ठरविलें. इतर कित्येक राष्ट्रांस तें मान्य नाहीं. भारत या तहांत मूळचाच भागीदार असून २००८ पासून ‘हिमाद्रि’ संशोधनकेंद्र तेथें आहे. म्हणून हा वाद आम्हांस परका नाहीं. ज्या तहाच्या शब्दांनीं दुर्बलाचें रक्षण केलें, त्यांचा अर्थ एकट्यानेंच लावूं गेल्यास ढाल पातळ होते, एवढें हा इतिहास दाखवितो.